नाव नवं, गाडी तीच

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर प्रीमियर पद्मिनीची काळी-पिवळी टॅक्सी धावेनाशी झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि टॅक्सीची वयोमर्यादा २० वर्षांची. त्या आठवड्यात पुष्कळांनी पद्मिनीच्या आठवणी काढल्या. मला मात्र आमच्या अंगणातला एक जुना प्रसंग आठवला.

१९८५ साली मी पद्मिनी घेतली. वडिलांकडे आधीपासून १९६७ ची फियाट ११०० डिलाइट होती. नवी गाडी दारात आली. आईनं हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. वडिलांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत डोकावून पाहिलं आणि हसून म्हणाले, "अरे, ही तर आपलीच!" डिलाइटसाठी त्यांनी जमवलेले पाने नव्या गाडीच्या नटांना चपखल बसले. दोन गाड्यांमध्ये अठरा वर्षांचं अंतर होतं. इंजिनाला मात्र त्याचा पत्ताच नव्हता.

हे असं का झालं, हे समजायला थोडं मागं जावं लागेल. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी जहाज, विमान आणि मोटार या तिन्ही गोष्टी देशात व्हाव्यात असा ध्यास घेतला होता. त्यातून १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी उभी राहिली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीचा करार अमेरिकेच्या क्रायस्लरशी होता. मध्यमवर्गाच्या घरात गाडी पोचली, ती पुढं इटलीच्या फियाटशी झालेल्या करारामुळं.

इटलीत १९५३ साली फियाट ११००-१०३ हे मॉडेल निघालं आणि पन्नाशीच्या दशकातच ते आपल्याकडं आलं. गोल अंग आणि पुढं आलेलं नाक पाहून मुंबईकरांनी तिचं बारसं केलं, 'डुक्कर फियाट'. तिची पुढची दारं उलटी उघडत, म्हणजे बिजागरी मागच्या बाजूला. १९६४ साली डिलाइट आली. तिचं अंग चौकोनी, मागं माशाच्या परांसारखी दोन टोकं वर आलेली, दारं सरळ उघडणारी. डुक्कर आणि डिलाइट शेजारी उभ्या केल्या, तर एक थोरली आणि एक धाकटी हे लहान मूलही सांगेल.

त्यानंतरचा बदल मुख्यतः नावाचा. १९७४ च्या सुमारास राणी पद्मिनीचं नाव या गाडीला मिळालं. पुढची जाळी बदलली, डॅशबोर्ड बदलला. इंजिन मात्र तेच १०८९ सीसीचं, डुक्करच्या काळापासूनचं. गिअर स्टिअरिंगच्या दांड्यालाच, पुढं सलग बाकासारखी सीट, ताकद मागच्या चाकांना. नव्वदीच्या दशकात डिझेलची पद्मिनी निघाली, तरी अंगलट तीच राहिली. २००० च्या सुमारास उत्पादन थांबेपर्यंत मूळ गाडी ओळखू येत होती.

आता इटलीकडं पाहा. तिथं ११०० हे मॉडेल १९६९ साली बंद झालं आणि पुढच्या चाकांना ताकद देणारी फियाट १२८ आली. म्हणजे जन्मभूमीत जी गाडी निवृत्त झाली, ती आपल्याकडं आणखी तीस वर्षं नोकरी करत राहिली. आपल्याकडच्याच मारुती ८०० चं उदाहरण घ्या. पहिली मारुती डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि १९८६ मध्ये तिचं अंग पूर्ण बदललंसुद्धा.

कुर्ल्यातल्या लोकांना अक्कल नव्हती म्हणून असं झालं, हे म्हणणं अन्यायाचं होईल. किती गाड्या बनवायच्या, यालाही त्या काळी परवाना लागे. नव्या अंगासाठी नवे साचे हवेत, साच्यांसाठी परकीय चलन हवं आणि त्यासाठी पुन्हा दिल्लीची परवानगी. शिवाय जुन्याच गाडीसाठी गिऱ्हाईक पैसे भरून वर्षानुवर्षं रांगेत उभं! स्पर्धा जवळजवळ नव्हतीच. मग कोण कशाला बदलेल?

याची किंमत गिऱ्हाइकानं मोजली. जगात ब्रेक सुधारले, इंधन कमी लागू लागलं, अपघातात माणूस वाचावा म्हणून गाडीची बांधणी बदलली. आपण ड्रम ब्रेक आणि जड स्टिअरिंग हेच गाडीचं स्वरूप समजत राहिलो. जुन्या गाडीचं प्रेम मलाही आहे, पण हे विसरून ते करणं खरं नव्हे.

तरी त्या न बदलण्यातून एक गोष्ट आपोआप घडली. एकच गाडी चाळीस वर्षं चालली, तेव्हा तिची विद्या गल्लोगल्ली पसरली. रस्त्याकडेचा मिस्त्री नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखे. बापाकडून मुलाकडं हात जात असे. सुटा भाग सगळीकडं मिळे, नाहीच मिळाला तर लेथवर करून मिळे. मुंबईच्या टॅक्सीवाल्यांनी ही गाडी इतकी वर्षं सोडली नाही, त्यामागं मोठं कारण हेच. बिघाड झाला तरी दिवसाची कमाई बुडत नसे.

आज माझ्या मुलीकडं नवी गाडी आहे. ती वडिलांच्या डिलाइटपेक्षा आणि माझ्या पद्मिनीपेक्षा सर्व दृष्टींनी सुरक्षित आहे, आणि नातवंडं त्यात बसतात तेव्हा मी निर्धास्त असतो. मागच्या दिवाळीत साफसफाई करताना वडिलांच्या पान्यांची पेटी सापडली. सहज म्हणून मी त्या गाडीचं बॉनेट उघडलं. काच धुण्याचं पाणी भरलं आणि पुन्हा लावून टाकलं. पेटी उघडायची वेळच आली नाही.