विधवेचा वाटा आणि मयूखाची सीमा : कात्रपच्या निमित्ताने

कात्रप हे आज बदलापूरच्या नगरवस्तीत मिसळून गेलेले गाव. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या कल्याण तालुक्यातील, उल्हास नदीच्या खोऱ्यातील, भाताच्या खाचरांचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा गावातील एखादा जमीनधारक पुत्रावाचून वारला असता त्याच्या पत्नीची, कन्यांची, आईची व बहिणीची तरतूद कशी होत असे, ह्या वरकरणी साध्या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले म्हणजे प्रथम धर्मशास्त्राच्या नकाशात कात्रपचे स्थान निश्चित करावे लागते. कारण महाराष्ट्रात ह्या बाबतीत एकच शास्त्र सर्वत्र चालत नव्हते.

१८२७ च्या चौथ्या रेग्युलेशनाने मुंबई इलाख्यातील न्यायाधीशांना असे बजावले होते की, जेथे सरकारी कायदा नाही तेथे देशरिवाज पाहावा आणि रिवाज सिद्ध न झाल्यास प्रतिवादीच्या धर्मशास्त्राप्रमाणे निवाडा द्यावा. हे धर्मशास्त्र म्हणजे देशावर व रत्नागिरीकडे मुख्यतः विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’. परंतु गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे नीलकंठभट्टाच्या ‘व्यवहारमयूखा’स अग्रमान. ही विभागणी पुढे उच्च न्यायालयाच्या निकालांनी पक्की झाली. मुंबईसमोरील कारंजा बेटातील एका दाव्यात १८७९ मध्ये मयूखाचे प्रामाण्य मान्य झाले, तर महाडकडे मिताक्षराच प्रमुख ठरली. कल्याण तालुका निर्विवादपणे मयूखाच्या बाजूस पडतो, आणि म्हणून कात्रपही.

येथे एक योगायोग नोंदण्याजोगा आहे. नीलकंठाचे घराणे मूळ पैठणचे, पुढे काशीस स्थायिक झालेले. त्याचा आश्रयदाता भगवंतदेव हा यमुना-चंबळेच्या संगमानजीकचा सेंगर राजा. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात तिकडे रचलेला ग्रंथ बॉराडेलने १८२७ मध्ये सुरतेस इंग्रजीत छापविला आणि त्या वाटेने तो कोकणच्या खाचरांवर अधिकार चालवू लागला. उलट, कात्रपच्या शेजारी अंबरनाथचे शके ९८२ मधील देवालय ज्या शिलाहारांनी उभारले, त्याच घराण्यातील अपरादित्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर विस्तृत टीका लिहिली. ती मात्र काश्मीरात मान्यता पावली. घरचा ग्रंथ परदेशी व परका ग्रंथ घरी, असा हा प्रकार. (विद्यार्थ्यांच्या लेखनात वारंवार आढळणारा एक घोटाळाही येथेच दूर केलेला बरा. विज्ञानेश्वराचे कल्याण ते चालुक्यांची राजधानी, आजचे बसवकल्याण. ठाण्याच्या कल्याणाशी त्याचा संबंध नाही.)

आता मूळ मुद्दा. पुत्रहीनाच्या वारसांमध्ये याज्ञवल्क्याने पत्नीस प्रथम स्थान दिले व तिच्यामागून कन्येस. ही गोष्ट आज स्वाभाविक वाटली तरी ती सहजासहजी रूढ झालेली नाही. ‘शाकुंतला’च्या सहाव्या अंकात समुद्रात बुडालेल्या निपुत्रिक व्यापाऱ्याचे धन राजगामी होणार अशी वर्दी येते आणि त्याच्या स्त्रियांपैकी कोणी गर्भवती आहे काय, हे दुष्यंत आधी विचारतो. बाराव्या शतकातही गुजरातच्या कुमारपालाने निपुत्रिकाचे धन जप्त करण्याची चाल सोडून दिली, ह्याचे जैन ग्रंथकारांना केवढे कौतुक! विज्ञानेश्वराने पत्नीचा हक्क ठामपणे मांडला, तोही नियोगाची अट घालणाऱ्या धारेश्वराचे मत खोडून. मात्र एक मर्यादा ठेवूनच. पती विभक्त असला पाहिजे. तो भावांबरोबर एकत्र असता वारला तर त्याचा हिस्सा भावांकडे जाई आणि पत्नीच्या वाट्यास केवळ अन्नवस्त्र व राहण्यास जागा येई.

मयूखानेही ही मर्यादा उठविली नाही. त्याने जे निराळे केले ते बहिणीच्या बाबतीत. बहीण विवाहाने परगोत्रात गेली तरी तिचा जन्म भावाच्याच गोत्रात झाला, तेव्हा तीही गोत्रज होय, असा त्याचा युक्तिवाद आहे. आणि पितामहीच्या पाठोपाठ त्याने तिला वारसांत बसविले. कारंजाच्या दाव्यात ह्याच आधारावर सख्ख्या बहिणीस सावत्र भावाच्या आधी वारसा मिळाला. परंतु ह्यावरून नीलकंठास स्त्रियांचा सरसकट कैवारी ठरविणे उतावळेपणाचे होईल. मिताक्षरेत आई बापाच्या आधी येते. मयूखात बाप आधी.

ह्याहून विलक्षण गोष्ट अशी की, क्रमाने पहिली असलेली विधवा मिळकतीची पुरी मालकीण कधीच होत नसे. शास्त्रसंमत गरजेवाचून तिला जमीन विकता येत नसे व तिच्या पश्चात ती पतीच्या वारसांकडे परत जाई. कन्या व बहीण मात्र मुंबईच्या न्यायालयांच्या मते संपूर्ण स्वामिनी. १८८६ च्या पूर्णपीठाच्या निकालानंतर कन्येपुरता ह्याविषयी संशय उरला नाही. ज्या स्त्रीने त्या शेतात उभा जन्म राबून काढला तिचा हक्क हयातीपुरता आणि सासरी नांदणाऱ्या लेकीचा कायमचा, ही विसंगती टीकाकारांच्या शब्दांवरून समर्थनीय ठरली, तरी न्याय्य म्हणवत नाही.

पुनर्विवाहाचा प्रश्न ह्याहून कठोर होता. कोकणातील अनेक शेतकरी जातींत पाट लावण्याची चाल पूर्वापार होती. त्यांना १८५६ च्या पुनर्विवाहाच्या कायद्याची गरजच नव्हती. तरीही त्या कायद्यातील दुसरे कलम, म्हणजे पुनर्विवाह करणारीने पहिल्या पतीची मिळकत सोडावी हे, अशा जातींनाही लागू आहे असे मुंबईच्या पूर्णपीठाने १८९६ मध्ये ठरविले. अलाहाबादच्या न्यायालयाचे मत ह्याच्या उलट होते. परिणामी पाट लावणाऱ्या तरुण विधवेस नवे घर व जुने शेत ह्यांतून एकाची निवड करावी लागे.

तेव्हा पत्नीची खरी तरतूद पतीच्या हयातीतच व्हावी लागे. पेशवाईत अन्नवस्त्राची नेमणूक, चोळीबांगडीसाठी लावून दिलेली जमीन, लढाईत पडलेल्या शिपायाच्या मुलांसाठी सरकारातून मिळणारी बालपरवेशी असे मार्ग होते. दत्तकाचाही मार्ग होता, आणि मराठी मुलखात विधवेस त्यासाठी पतीची पूर्वसंमती आवश्यक नव्हती, हे १८६८ मध्ये मान्य झाले. मृत्युपत्राचे तसे नाही. जुन्या शास्त्रास ते अपरिचित. इंग्रजी अमदानीत ते रुळले. १८७० चा हिंदू मृत्युपत्रांचा कायदा मुंबई शहरास लागू झाला, मुफसलास नव्हे. म्हणून १ जानेवारी १९२७ पूर्वी कात्रपसारख्या गावी एखाद्याने मरणसमयी तोंडी सांगितलेली व्यवस्थाही मृत्युपत्र म्हणून ग्राह्य ठरू शके. त्यानंतर लेख, सही व दोन साक्षीदार अनिवार्य झाले. पण एकत्र कुटुंबातील अविभक्त हिस्सा मृत्युपत्राने देताच येत नसे. म्हणजे जेथे विधवा सर्वांत निराधार, तेथेच हे साधन निरुपयोगी.

उपाय एकच उरे : विभक्त होणे. ह्याचे उत्तम उदाहरण मध्य प्रांतातील एका कुटुंबाचे आहे. त्यातील एका भागीदाराने विभक्त होण्याची नोटीस इतरांस पाठविली, वाटणीचा दावा लावला आणि दावा चालू असताच तो वारला. प्रत्यक्ष वाटणी झालेली नव्हती. तथापि विभक्त होण्याचा निःसंदिग्ध मनोदय प्रकट करताच एकत्रपणा संपतो, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १९१६ मध्ये दिला व विधवेस पतीचा हिस्सा मिळाला. एका कागदाने जे साधले ते विधवेस आयुष्यभर भांडूनही साधले नसते.

१९३७ च्या कायद्याने, जो डॉ. गो. वि. देशमुख ह्यांच्या खटपटीने झाला, विधवेस एकत्र कुटुंबातही पतीचा हिस्सा मिळाला. पण प्रांतांतील शेतजमिनीस तो लागू नाही असे फेडरल कोर्टाने १९४१ मध्ये सांगितल्यावर त्यासाठी प्रांतिक कायद्याची वाट पाहावी लागली. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने विधवेची मर्यादित मालकी पूर्ण मालकीत परिणत झाली.

ह्या विषयाच्या अभ्यासकाने निकालपत्रांवरच विसंबू नये, असे आम्हांस वाटते. हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. तेव्हापासूनचे फेरफार, वारसांची गाव नमुना ‘सहा-क’ ही नोंदवही आणि सातबाराचे उतारे ही साधने तलाठ्याच्या दप्तरातून तालुक्याच्या अभिलेखकक्षापर्यंत पोचतात. त्यांत दोन गोष्टी विशेष पाहाव्यात : ‘एकत्र कुटुंब मॅनेजर’ म्हणून थोरल्या भावाचे एकट्याचे नाव लागलेले खाते, आणि कब्जेदाराच्या रकान्याऐवजी ‘इतर हक्क’ ह्या रकान्यात लिहिलेली आई, विधवा वा बहीण.