बहुश्रुत ते सुशिक्षित : विद्वत्तावाचक शब्दांचे स्थित्यंतर

इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरासाठी येणाऱ्या साधकाला वाचन आणि लेखन ही दोन्ही वर्ज्य असतात. पुस्तक, वही, लेखणी बाहेर ठेवूनच त्याला आत जावे लागते. रोज सायंकाळी एक प्रवचन ऐकावयाचे, एवढाच त्याचा ग्रंथविषयाशी संबंध उरतो. या केंद्रात १९७६ साली शिबिरे सुरू झाली. त्याच परिसरात १९८५ साली स्थापन झालेल्या विपश्यना विशोधन विन्यासाने मात्र एक प्रचंड ग्रंथकार्य हाती घेतले. रंगूनला १९५४ ते १९५६ या काळात भरलेल्या सहाव्या संगीतीने निश्चित केलेला पाली तिपिटकाचा पाठ, अट्ठकथा व टीकांसह, ब्रह्मी लिपीतून देवनागरीत आणून त्याने प्रसिद्ध केला. ज्या टेकडीवर वाचनाला मज्जाव त्याच टेकडीवर तिपिटकाची छपाई, ही विसंगती वाटते खरी. परंतु विद्वान म्हणजे कोण, याविषयीचा एक फार जुना विचार तिच्यामागे आहे, आणि मराठीतील विद्वत्तावाचक शब्दांचा इतिहास त्याच्याशी ताडून पाहण्याजोगा आहे.

तिपिटकात विद्वत्तेसाठी वारंवार येणारा शब्द ‘बहुस्सुत’ हा होय. ज्याने पुष्कळ ऐकले आहे आणि ऐकलेले धारण केले आहे, तो बहुस्सुत. अंगुत्तरनिकायात बहुश्रुत भिक्षूंमध्ये अग्रस्थान आनंदाला दिलेले आहे. याच आनंदाची पहिल्या संगीतीच्या वेळची कथा मार्मिक आहे. बुद्धाची वचने सर्वाधिक ज्याच्या मुखात होती, तो आनंद राजगृहाच्या संगीतीपूर्वी अर्हत झालेला नव्हता. तो अजून ‘सेख’ होता, म्हणजे शिकणारा. आपण सेख असताना या सभेत बसणे योग्य नव्हे असे त्याला वाटले आणि सभेच्या आदल्या रात्री, पहाटेच्या सुमारास, तो अर्हत्पदाला पोहोचला, असे परंपरा सांगते. ज्याला शिकण्याचे काही उरले नाही तो ‘असेख’. पालीत हा सर्वोच्च गौरव आहे. सर्वाधिक बहुश्रुत माणूसही शिकाऊच असू शकतो, ही गोष्ट या शब्दव्यवस्थेत अगदी सहजपणे गृहीत धरलेली आहे. श्रुतमयी, चिंतनमयी आणि भावनामयी या प्रज्ञेच्या तीन पायऱ्यांत ऐकीव ज्ञान पहिल्या पायरीवर ठेवले जाते, त्याचेही कारण हेच.

इगतपुरीहून नाशिककडे जाताना शहराआधी लागणाऱ्या पांडवलेण्यांत, वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षातील लेखात, गौतमी बलश्रीने आपल्या पुत्राला, गौतमीपुत्र सातकर्णीला, आगमांचे निवासस्थान म्हटले आहे. आगम म्हणजे परंपरेने चालत आलेले. तेथेही विद्वत्ता ही वाचलेली नव्हे, पोहोचलेली गोष्ट आहे. माणूस तिचे घर. पुढे त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या वैदिक परंपरेने ‘दशग्रंथी’ आणि ‘घनपाठी’ हे शब्द मानाने वापरले. त्यांत ‘ग्रंथ’ आला तरी तो कंठातच होता.

मराठीने ‘बहुश्रुत’ हा शब्द ठेवला, पण त्याच्याकडे संशयानेही पाहिले. दासबोधाच्या दुसऱ्या दशकाचा शेवटचा समास पढतमूर्खाच्या लक्षणांचा आहे, आणि त्यात रामदासांनी सर्वांत आधी ज्याला उभे केले तो बहुश्रुत आणि व्युत्पन्न असूनही दुराशेत व अभिमानात अडकलेला मनुष्य आहे. मूर्खाचा समास त्याच दशकात आधी येऊन गेलेला असल्याने हा दुसरा मूर्ख वेगळा काढावा लागला. रामदासांचा आक्षेप ज्ञानाला नाही; ऐकणे आणि आचरणे यांतील अंतराला आहे. लोकभाषेने हाच धागा पुढे नेला. ‘सज्ञान’पासून आलेला ‘शहाणा’ हा साधा गौरवाचा शब्द ‘दीडशहाणा’ आणि ‘अतिशहाणा’ होऊन टोमण्यात गेला. ‘पंडित’ला ‘पोथी’ चिकटली की तो हास्यास्पद होतो. ‘साक्षरा’ उलटे वाचले की ‘राक्षसा’ होते, ही संस्कृत पंडितांची कोटीही त्याच जातीची. ती पंडितांनीच केली, एवढे त्यांच्या पदरात टाकले पाहिजे.

मात्र अधिक गुंतागुंतीचा प्रवास ‘शिक्षा’ या शब्दाचा आहे. वेदांगांत शिक्षा म्हणजे उच्चारशास्त्र. पालीत ‘सिक्खा’ तीन : शील, समाधी आणि प्रज्ञा, आणि ‘सिक्खापद’ म्हणजे भिक्षूने पाळावयाचा नियम. हिंदीत शिक्षा म्हणजे अध्ययन-अध्यापन. मराठीने अध्ययनाचा अर्थ ‘शिक्षण’कडे सोपविला आणि ‘शिक्षा’कडे केवळ दंड ठेवला. छडी लागे छमछम ही शाळेची आठवण त्याला कारण, असे गमतीने म्हटले जाईल. पण ‘शिक्षेचा’ दंडार्थ शिस्तीच्या अर्थातूनच फुटलेला आहे. शिस्त आतून आली की सिक्खा, बाहेरून आली की शिक्षा. शिक्षणातून शील वजा होण्याची शक्यता या वाटणीनेच निर्माण केली, असे म्हणणे धाडसाचे असले तरी निराधार नाही.

एकोणिसाव्या शतकात ‘सुशिक्षित’ हा शब्द एका नव्या वर्गाचे नाव झाला. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले. थळ घाटातून लोहमार्ग चढून इगतपुरीला पोहोचला तो १८६५ साली. पदवी, परीक्षा, नोकरी आणि बदली यांच्या जगात विद्वत्तेला प्रमाणपत्र लागू लागले. श्रवणाच्या जुन्या जगाविषयी हळहळ वाटावी असा हा मोह आहे. तो आवरला पाहिजे, कारण त्या जगाचे दार बंद होते. श्रुती ऐकण्याचाच अधिकार ज्यांना नाकारला गेला, त्यांना बहुश्रुत होण्याची वाटच नव्हती.

येथे जोतीराव फुले यांनी ‘अविद्या’ या शब्दाचे जे केले ते निर्णायक आहे. वेदान्तात अविद्या म्हणजे ब्रह्मस्वरूपाचे अज्ञान. बौद्ध विचारात बारा निदानांच्या साखळीतील पहिली कडी, जिच्यापासून जरामरणापर्यंतचे दुःख उलगडत जाते. १८८३ मधील ‘शेतकऱ्याचा असूड’च्या आरंभीही एक साखळीच आहे. विद्या गेल्याने मती, नीती, गती आणि वित्त कसे क्रमाने गेले व शूद्र कसे खचले, हे सांगून सारा अनर्थ फुले एका अविद्येच्या माथी टाकतात. रचना कार्यकारणाची, प्रारंभबिंदू तोच शब्द. पण तिचे टोक संसारदुःखात नसून दारिद्र्यात आहे. अविद्या ही आता जिवाला लागलेली उपाधी राहत नाही. समाजाने कोणावर तरी लादलेली स्थिती होते. शब्द जुना, आरोपी नवा. बौद्ध साखळीशी फुल्यांच्या साखळीचे हे साम्य योगायोगाचे मानले तरी त्याचे महत्त्व कमी होत नाही.

या दोन्ही अर्थांच्या मध्ये उभा असलेला माणूस म्हणजे धर्मानंद कोसंबी. गोव्यातील साखवळ येथे १८७६ साली जन्मलेल्या या माणसाचे शालेय शिक्षण तुटपुंजे. बुद्धाचा धर्म जाणण्यासाठी पुणे, काशी, नेपाळ असे हिंडत ते १९०२ साली सिंहलद्वीपाला पोहोचले आणि तेथे पाली शिकले. पुढे त्यांनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली आणि हार्वर्डला ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनाचे काम केले. काळाच्या रूढ मापाने ते ‘सुशिक्षित’ ठरत नव्हते. ‘पंडित’ म्हणावे तर तो शब्दही त्यांना पुरता बसत नव्हता. १९२४ मधील त्यांचे आत्मवृत्त ‘निवेदन’ या साध्या नावाने आले, आणि त्यात शिकणाऱ्याचीच कहाणी आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ‘सुशिक्षित’च्या शेजारी ‘बेकार’ येऊन बसला आणि ‘सुविद्य’ लग्नपत्रिकेत व वधूवरांच्या जाहिरातींत स्थिरावला. ‘साक्षर’ जनगणनेच्या रकान्यात गेला : १९९१ पासून सात वर्षे व त्यावरील वयाची, कोणत्याही भाषेत समजून लिहिता-वाचता येणारी व्यक्ती ती साक्षर. आनंदाच्या विद्वत्तेचा अक्षरओळखीशी संबंध जोडण्याचे परंपरेला कारणच पडले नव्हते. या रकान्यात त्याची नोंद कोठे करावयाची, हे प्रगणकाला त्याला विचारूनच ठरवावे लागले असते. आणि ‘असेख’चे भाषांतर करू पाहणाऱ्या मराठी अनुवादकाला शब्दशः प्रतिशब्द हाती येतो तो ‘अशिक्षित’.