चौकटीआधीची गोष्ट

यंदाच्या श्रावणात धनजला माझ्या ओसरीवर गावातली एक मुलगी वही घेऊन आली. होतकरू चित्रकादंबरीकारांसाठी एक कथास्पर्धा निघाली होती. आधी नुसती लघुकथा पाठवायची. निवड झाली तरच पुढे चित्रं. तिने विचारलं, "सर, चित्रासाठी लिहाची गोष्ट अलग असते का?" तीस वर्षं मराठी शिकवूनही मला चटकन उत्तर देता आलं नाही.

खरं तर ते मला फार आधी कळायला हवं होतं. शाळेत असताना मीही एका मासिकाला दुष्काळातल्या विहिरीची गोष्ट पाठवली होती, चित्रकथा करा म्हणून. बारा पानं. ती परत आली, वर पेन्सिलीने एक ओळ : 'यात काढण्यासारखं काय आहे?' राग बरेच दिवस टिकला.

तो काळ 'टिंकल'चा. १९८० साली अनंत पै यांनी ते सुरू केलं आणि वाचकांच्या गोष्टींना त्यात जागा दिली. टपालाने आलेली गोष्ट पसंत पडली की चित्रकार ती चौकटींत बसवी. १९८३ मध्ये अवतरलेला सुप्पंडी असाच आला : गोष्टी तिरुचिरापल्लीच्या पी. वरदराजन या वाचकाच्या, चेहरा राम वाईरकरांनी दिलेला. बावळट नोकराचे किस्से घरोघरी असतात. पण मालक सांगतो एक आणि हा करतो भलतंच. त्यातलं 'करणं' काढता येतं. माझ्या बारा पानांत सगळे नुसते हळहळत होते.

मात्र पैंपाशीच थांबणं आम्हा कारंजा तालुक्यातल्यांना शोभणार नाही. कारंज्याच्या जैन भांडारांतल्या हस्तलिखितांनी अपभ्रंश साहित्याच्या अभ्यासाला मोठा आधार दिला. पुष्पदंताचं दहाव्या शतकातलं 'जसहरचरिउ' प. ल. वैद्य यांनी संपादित केलं, ते १९३१ साली कारंज्याच्याच ग्रंथमालेत निघालं. राजा यशोधर आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा बळी देतो. जीव गेलेला नाही. पण मनात आणलेली हिंसाही दोघांना सोडत नाही. पुढच्या जन्मी तो मोर होतो, आई कुत्रा. मग आणखी योनी. यशोधराच्या या कथेच्या सचित्र पोथ्या दिगंबर जैनांनी आवडीने करवून घेतल्या. पोथी दान देण्याचं पुण्य हे एक कारण होतंच. दुसरं मला आता दिसतं : कर्मसिद्धान्त रंगवता येत नाही, मोर रंगवता येतो. प्रत्येक जन्माला नवा आकार देणारी अशी कथा कुठल्या चित्रकाराला नको असेल!

कुडाळजवळच्या पिंगुळीचे चित्रकथी तर कागदावर संवाद लिहीतच नाहीत. चित्र पुढे धरायचं, गोष्ट गळ्यातून सांगायची. कुणी काय सांगायचं, याची वाटणी तिथे ठरलेली असते.

ही वाटणी सगळ्यात नेमकी मला 'भीमायन'मध्ये सापडली. २०११ सालचं हे इंग्रजी पुस्तक बाबासाहेबांच्या आठवणींवर उभं आहे. लेखन श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचं, चित्रं दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड कलावंतांची. १९०१ साली मसूर स्टेशनवर उतरलेली मुलं, न्यायला कुणी आलेलं नाही; पुढे बैलगाडीतली रात्र, डब्यात जेवण असून पाणी मिळत नाही म्हणून उपास. व्यामांनी हे सांगताना चौकोनी चौकटी नाकारल्या. मायेचं बोलणं पक्ष्याच्या आकाराच्या फुग्यात, डंख मारणारं बोलणं विंचवाच्या नांगीच्या फुग्यात. 'तो तुच्छतेने म्हणाला' या वाक्याची गरजच उरत नाही. आम्ही वर्गात क्रियाविशेषणं शिकवत आलो. व्यामांनी त्यांना नांगी लावली.

मुलीला मी हे सगळं सांगितलं, माझ्या विहिरीसकट. तिची गोष्ट टँकरची होती. शेवटी तिने लिहिलं होतं : 'आजीला फार वाईट वाटलं.' तीन दिवसांनी ती पुन्हा आली. ते वाक्य खोडलेलं होतं. त्याजागी : टँकर निघून जातो; आजी कोरडी घागर घरी नेते आणि नेहमीसारखं तिच्यावर फडकं बांधते.

पाकीट टाकायला निघताना ओसरीच्या पायरीवर ती थांबली. "सर, तुमच्या विहिरीची पानं आहेत का अजून?"

आहेत. ट्रंकेत तळाशी.