खिशात ठेवून दिलेली चिठ्ठी

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)

इंटरनेटवर एखादं संकेतस्थळ उघडलं की मजकुराच्या आधी एक पाटी आडवी येते. 'आम्ही कुकीज वापरतो, आपली संमती आहे ना?' अशा अर्थाचं काहीतरी बारीक इंग्रजीत लिहिलेलं असतं आणि खाली 'ॲक्सेप्ट' नावाचं ठळक बटण असतं. आपल्याला मिरचीचा भाव पाहायचा असतो, मुलाचा निकाल पाहायचा असतो, नाहीतर देवगिरी एक्स्प्रेसला किती वेटिंग आहे ते बघायचं असतं. आपण बटण दाबतो आणि पुढं जातो. संमती नेमकी कशाला दिली असं कुणी विचारलं, तर भलेभले गप्प बसतील. म्हणून आज या कुकीचाच इतिहास सांगणार आहे. तो फार जुना नाही, तीस वर्षांचा आहे. पण तेवढ्या काळात एका साध्या सोयीची पाळत कशी झाली, हे त्यात स्वच्छ दिसतं.

आधी नावाबद्दल. या कुकीचा बेकरीतल्या बिस्किटाशी संबंध नाही. युनिक्स नावाच्या संगणक-प्रणालीवर काम करणाऱ्या मंडळींमध्ये 'मॅजिक कुकी' असा एक शब्द पूर्वीपासून रूढ होता. एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याला दिलेला, त्यानं न उघडता तसाच परत करायचा असा माहितीचा तुकडा, एवढाच त्याचा अर्थ. आपल्याकडे चपला ठेवायला दिल्या की एक बिल्ला मिळतो. बिल्ल्यावर काय आकडा आहे याच्याशी आपल्याला कर्तव्य नसतं. परत दिला की चपला मिळतात. कुकी म्हणजे तो बिल्ला.

पण बिल्ल्याची गरज का पडली? कारण वेब मुळात विसराळू आहे. टिम बर्नर्स-ली यांनी जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या संशोधन संस्थेत 1989 ते 1991 या काळात वेबची मांडणी केली, ती शास्त्रज्ञांना एकमेकांचे कागद वाचता यावेत म्हणून. पान मागा, पान घ्या, संबंध संपला. पुढचं पान मागायला तोच माणूस आला आहे की दुसरा, हे पान देणाऱ्या संगणकाला कळत नसे. वाचनासाठी ते पुरेसं होतं. व्यापारासाठी नव्हतं.

आपल्या धर्माबादच्या मिरची बाजारातलंच उदाहरण घ्या. शेतकरी आडतीवर पोती उतरवतो. मुनीम पोती मोजतो. मग वजन होतं, बोली होते, भाव ठरतो, हमाली-तोलाई कापून हिशेब होतो. आता कल्पना करा की या मुनिमाला दर मिनिटाला विसर पडतो. वजन करून शेतकरी भाव विचारायला गेला तर मुनीम म्हणतो, 'आपण कोण? पोती कसली?' असा बाजार एक दिवससुद्धा चालणार नाही. 1994 साली वेबवर दुकान मांडू पाहणाऱ्यांची नेमकी हीच अडचण होती. गिऱ्हाइकानं टोपलीत एक वस्तू टाकली आणि दुसरी पाहायला पान उलटलं की टोपली रिकामी!

अडचण सोडवली लू मोंटुली या तरुणानं. अमेरिकेतल्या कॅन्सस विद्यापीठात असताना त्यानं 'लिंक्स' नावाच्या, केवळ अक्षरं दाखवणाऱ्या ब्राउझरवर काम केलं होतं. 1994 मध्ये तो नेटस्केप या नव्या कंपनीत होता आणि वयाची पंचविशीही त्यानं ओलांडली नव्हती. एमसीआय ही टेलिफोन कंपनी वेबवर दुकान उघडू पाहत होती, पण प्रत्येक गिऱ्हाइकाचा अर्धवट व्यवहार आपल्या संगणकावर सांभाळत बसायला ती तयार नव्हती. मोंटुलीनं 1994 च्या जूनमध्ये तोड काढली: व्यवहाराची नोंद दुकानदारानं ठेवूच नये, चिठ्ठीवर लिहून गिऱ्हाइकाच्याच खिशात ठेवावी. गिऱ्हाईक पुन्हा आलं की त्याचा ब्राउझर ती चिठ्ठी आपणहून पुढं करील. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात नेटस्केपचा पहिला ब्राउझर चाचणीसाठी लोकांपुढं आला, तेव्हा ही सोय त्यात होती. पहिला उपयोगही साधाच होता: नेटस्केपच्या संकेतस्थळावर येणारा माणूस आधी येऊन गेला आहे की नवा, एवढं ओळखणं.

इथं एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. प्रत्येक ब्राउझरला एकच कायमचा क्रमांक द्यावा, असाही सोपा मार्ग होता. मोंटुलीनं तो मुद्दाम नाकारला. कारण मग सगळ्या संकेतस्थळांना एकच क्रमांक दिसला असता आणि माणसाचा माग काढणं फार सोपं झालं असतं. म्हणून त्यानं नियम घातला की चिठ्ठी ज्यानं दिली त्यालाच ती दाखवायची, दुसऱ्याला नाही. पाळत होऊ नये म्हणून केलेली ही रचना होती. पुढं पाळत झाली ती याच रचनेतून.

ते कसं झालं, तेही बाजाराच्याच भाषेत सांगतो. वेबच्या एका पानावरचा सगळा माल एकाच ठिकाणाहून येत नाही. मजकूर एकाचा, चित्र दुसऱ्याचं, जाहिरात तिसऱ्याची. समजा, गावातल्या प्रत्येक दुकानात एकाच जाहिरातवाल्यानं आपला फलक लावला आहे. तुम्ही बियाण्यांच्या दुकानात गेलात, तर दुकानदारानं आपली चिठ्ठी दिली आणि फलकवाल्यानंही आपली एक चिठ्ठी हळूच तुमच्या खिशात सरकवली. तिच्यावर नाव नाही, फक्त क्रमांक. पुढं तुम्ही औषधाच्या दुकानात, सोनाराकडे, वकिलाच्या कचेरीत गेलात. तिथंही त्याचाच फलक! नियमाप्रमाणे त्याची चिठ्ठी त्यालाच दाखवली गेली. नियम कुठंही मोडला नाही. पण अमुक क्रमांकाच्या माणसानं सकाळी बियाणं पाहिलं, दुपारी मधुमेहाची गोळी पाहिली, संध्याकाळी दागिने गहाण ठेवण्याचा दर विचारला, हे त्या एका माणसाच्या वहीत ओळीनं लिहिलं गेलं. यालाच 'थर्ड पार्टी' म्हणजे तिऱ्हाईत कुकी म्हणतात. घरातल्यांना सांगितलेलं नसतं ते माणूस सर्च करतो. म्हणून ही वही नाजूक आहे.

वेबवर पहिली फलक-जाहिरात 27 ऑक्टोबर 1994 रोजी 'हॉटवायर्ड' या संकेतस्थळावर झळकली. 1996 पर्यंत डबलक्लिकसारख्या कंपन्या या धंद्यात उतरल्या होत्या. सामान्य माणसाला याचा पत्ताच नव्हता, कारण कुकी ब्राउझरमध्ये आधीपासून चालू असे आणि ती ठेवताना कुणी विचारत नसे. फेब्रुवारी 1996 मध्ये लंडनच्या 'फायनान्शियल टाइम्स'नं लेख छापला, तेव्हा कुठं बोभाटा झाला. अमेरिकेच्या व्यापार आयोगापुढं 1996 आणि 1997 साली त्यावर चर्चाही झाली.

आणि मग या इतिहासातला, माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रसंग घडला. इंटरनेटचे तांत्रिक नियम ठरवणाऱ्या मंडळानं कुकीचा मसुदा तयार केला. बेल लॅब्जचे डेव्हिड क्रिस्टॉल आणि स्वतः मोंटुली यांनी लिहिलेला हा मसुदा फेब्रुवारी 1997 मध्ये प्रसिद्ध झाला. तिऱ्हाइताची चिठ्ठी मूळ स्थितीत बंदच असावी, हवी असेल त्यानं ती चालू करावी, अशी त्याची दिशा होती. जाहिरातवाल्यांनी ओरड केली. नेटस्केप आणि मायक्रोसॉफ्ट या दोन्ही मोठ्या ब्राउझरवाल्यांनी ती सूचना बाजूला ठेवली. कुकी चालूच राहिली. नको असेल त्यानं शोधून बंद करावी, असं ठरलं. बटण मुळात कुठल्या बाजूला असावं, एवढाच वाद होता. पण सेटिंग उघडून बघणारे थोडे असतात, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होतं. पुढच्या वीस वर्षांतला जाहिरातींचा सगळा डोलारा त्या एका बटणाच्या बाजूवर उभा राहिला.

क्रमांकाला नाव जोडण्याचा प्रयत्नही लवकरच झाला. 1999 साली डबलक्लिकनं अबॅकस डायरेक्ट ही कंपनी घेतली. टपालानं माल मागवणाऱ्या कोट्यवधी अमेरिकन कुटुंबांची नावं, पत्ते आणि खरेदी अबॅकसकडे होती. दोन्ही वह्या एकत्र करायचा बेत बाहेर फुटला, गदारोळ झाला आणि मार्च 2000 मध्ये कंपनीच्या प्रमुखांना माघार घ्यावी लागली. पुढं 2008 साली डबलक्लिक गूगलच्या ताब्यात गेली. 2013 मध्ये एडवर्ड स्नोडेन यांनी उघड केलेल्या कागदपत्रांतून आणखी एक गोष्ट समजली: अमेरिकेची गुप्तहेर संस्था माणसं हेरण्यासाठी गूगलच्याच कुकीचा उपयोग करून घेत होती.

आपल्याकडे या काळात काय चाललं होतं? विदेश संचार निगमनं 15 ऑगस्ट 1995 रोजी इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुलं केलं, तेही मुंबईसारख्या मोठ्या शहरांत. सायबर कॅफे तालुक्याच्या गावी पोचले ते त्यानंतर. ऑगस्ट 2002 मध्ये रेल्वेची तिकिटं इंटरनेटवर मिळू लागली; सुरुवातीला पैसे भरले की छापील तिकीट कुरियरनं घरी येई! धर्माबादहून मुंबईचं तिकीट काढताना पहिल्या पानावर गाडी, दुसऱ्यावर प्रवाशांची नावं, तिसऱ्यावर पैसे, हे सगळं एकाच माणसाचं आहे असं ओळखून पुढं नेणारी चिठ्ठी कुकीचीच जातकुळी. तेव्हा कुकी म्हणजे निव्वळ दुष्टपणा, असं समजू नये. ती प्रोग्रॅम नाही, व्हायरसही नाही. नाव, आकडा, मुदत आणि कुणाला परत द्यायची एवढं लिहिलेला मजकूर आहे.

ती आडवी येणारी पाटी मात्र युरोपची देणगी. तिथं 2002 साली निर्देश निघाला, 2009 मध्ये तो बदलून आधी संमती घेण्याची अट आली आणि मे 2018 पासून माहिती-संरक्षणाचा कडक कायदा लागू झाला. आधीच बरोबरची खूण करून ठेवलेली चौकट ही संमती नव्हे, असं युरोपच्या न्यायालयानं ऑक्टोबर 2019 मध्ये सांगितलं. कंपन्यांनी मग 'हो' एका बटणावर आणि 'नाही' चार पानांआड, अशी युक्ती केली. त्याबद्दल फ्रान्सच्या नियामकानं जानेवारी 2022 मध्ये गूगलला 15 कोटी आणि फेसबुकला 6 कोटी युरोंचा दंड जाहीर केला. कायद्याचा हेतू चांगला, पण पाट्यांचा एवढा सुकाळ झाला की माणूस वाचेनासाच झाला.

ब्राउझरवाल्यांनी जास्त काम केलं, असं मला वाटतं. ॲपलच्या सफारीनं मार्च 2020 मध्ये तिऱ्हाइताच्या कुकीज पूर्ण अडवल्या. फायरफॉक्सनं 2022 पासून प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकीज वेगळ्या डब्यात ठेवायला सुरुवात केली. म्हणजे 1997 चा तो मसुदा वीस-पंचवीस वर्षांनी अमलात आला म्हणायचा. क्रोमनंही 2020 साली शब्द दिला होता. तारखा पुढं ढकलत जुलै 2024 मध्ये तो मागं घेतला आणि एप्रिल 2025 मध्ये वेगळी विचारणाही करणार नाही, असं जाहीर केलं. क्रोम जाहिरातींवर चालणाऱ्या गूगलचा आहे, एवढं सांगितलं म्हणजे पुरे.

भारतात खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी दिला. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी हे अर्जदार होते. त्यानंतर ऑगस्ट 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये अधिसूचित झाले. मुख्य कलमांसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. कायद्यात 'कुकी' हा शब्द नाही. पण संमती मोकळेपणानं, समजून दिलेली हवी आणि ती मागं घेणं देण्याइतकंच सोपं हवं, असं त्यात म्हटलं आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांचा माग काढून त्यांना जाहिराती दाखवायला मनाई आहे. शिवाय संमतीची सूचना इंग्रजीत किंवा आठव्या परिशिष्टातल्या कुठल्याही भाषेत वाचण्याची सोय द्यावी लागणार आहे. म्हणजे मराठीत मागता येईल, आणि धर्माबादेत पुष्कळ घरांत तेलुगू बोलली जाते, त्यांना तेलुगूत. ती मराठी वाचून समजेल अशी असेल का, हा वेगळा प्रश्न.

आता हाताशी काय आहे ते सांगतो. पाटीवर 'रिजेक्ट' किंवा 'केवळ आवश्यक' असं बटण असेल तर ते दाबावं. सहसा काही अडत नाही. मोबाइलवर क्रोमच्या तीन ठिपक्यांत सेटिंग्ज, त्यात साइट सेटिंग्ज आणि तिथं थर्ड पार्टी कुकीज अडवण्याची सोय आहे. एकदाच करायचं काम आहे. इनकॉग्निटो खिडकी बंद केली की तिच्यातल्या कुकीज पुसल्या जातात. पण तुम्ही काय पाहिलं ते संकेतस्थळाला आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला दिसायचं ते दिसतंच. ॲपची गोष्ट निराळी. तिथं चिठ्ठीऐवजी फोनचाच जाहिरात-क्रमांक वापरतात. तो अँड्रॉइडच्या सेटिंगमध्ये जाऊन काढून टाकता येतो. आयफोन 2021 पासून माग काढण्याआधी विचारतो.

सर्वांत जपायची ती लॉगिनची कुकी. ती पासवर्ड दिल्यानंतर मिळालेली किल्ली आहे. ती ज्याच्या हाती, त्याला बहुतेक वेळा पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. 2010 साली 'फायरशीप' नावाच्या छोट्या प्रोग्रॅमनं उघड्या वायफायवर दुसऱ्याची अशी किल्ली उचलून दाखवली, तेव्हा मोठमोठ्या संकेतस्थळांची धावपळ उडाली. आज ती वाट बरीचशी बंद झाली आहे, पण भलतंसलतं ॲप किंवा फाइल घेतली तर किल्ली अजूनही चोरीला जाते. सेवा केंद्रात, झेरॉक्सच्या दुकानात किंवा दुसऱ्याच्या फोनवर मेल उघडली असेल तर नुसती खिडकी बंद करून उठू नका. 'लॉग आउट' करा. विसरलात, तर घरून आपल्या खात्याच्या सुरक्षा सेटिंगमध्ये जाऊन बाकीची सगळी उपकरणं बाहेर काढता येतात.

सगळ्या कुकीज पुसून टाकल्या तर चालेल का, असं बरेच जण विचारतात. चालेल. फक्त प्रत्येक ठिकाणी पुन्हा पासवर्ड द्यावा लागेल, आणि जी संकेतस्थळं तुम्ही कधीतरी मराठीवर आणून ठेवली होती, ती पुन्हा इंग्रजीत उघडतील.