युद्धाचा अधिकार आणि एक अघोषित युद्ध



३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी हिंदुस्थान जर्मनीविरुद्ध युद्धात असल्याचे जाहीर केले. हिंदी लोकप्रतिनिधींचा सल्लाही त्यांनी घेतला नाही. त्याच्या निषेधार्थ प्रांतांतील काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. कॅनडाने मात्र १९३१ च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने लाभलेल्या स्वायत्ततेच्या बळावर आपल्या संसदेत विचार करून १० सप्टेंबरला स्वतंत्रपणे युद्ध पुकारले. राजा दोघांचाही एकच. भेद होता तो निर्णय कोणी घ्यावयाचा, एवढाच.

आपल्या हैदराबाद संस्थानाने हा अधिकार फार पूर्वीच गमावला होता. १८०० च्या तहान्वये निजामाने अन्य सत्तांशी आपण होऊन युद्ध न करण्याचे कंपनीला मान्य केले होते. १९४७ च्या हिंदी स्वातंत्र्य कायद्याने संस्थानांवरील ब्रिटिश अधिसत्ता संपली आणि आपण पुन्हा स्वतंत्र झालो, असा निजामाचा दावा होता. त्याच कायद्याने भारत डोमिनियन झाला आणि युद्धशांतीचा निर्णय दिल्लीच्या लोकनियुक्त मंत्रिमंडळाकडे आला.

२९ नोव्हेंबर १९४७ च्या ‘जैसे थे’ करारानेही पेच सुटला नाही. रझाकारांचे अत्याचार वाढत गेले. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढाही तीव्र झाला. अखेर १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सेना संस्थानात शिरली. मुख्य तुकडी सोलापूरकडून आली व त्याच दिवशी नळदुर्ग हाती आला. १७ तारखेला निजामाने शस्त्रसंधी जाहीर केली.

रणगाडे आणि विमाने वापरूनही या मोहिमेस ‘पोलीस कारवाई’ म्हटले गेले. असे का? युद्ध पुकारावयाचे ते परक्या राज्याविरुद्ध. तसे पुकारले असते, तर हैदराबादचे स्वातंत्र्यच मान्य केल्यासारखे झाले असते. आणि निजाम सरकारने तर हे प्रकरण सुरक्षा समितीपुढे नेले होते. नव्या डोमिनियनने युद्धाची शक्ती वापरली, परंतु युद्ध हा शब्द कटाक्षाने टाळला.

तथापि, शब्द सौम्य असला म्हणून घटना सौम्य ठरत नाही. कारवाईनंतर उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत मुसलमान नागरिकांची मोठी हत्या झाली. सरकारनेच पाठविलेल्या पंडित सुंदरलाल समितीने बळींचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला. तो अहवाल अनेक दशके अप्रकाशित राहिला. मुक्तीचा आनंद खरा होता, तसेच हे दुःखही खरे होते.

१९५० च्या राज्यघटनेने ‘युद्ध व शांतता’ हा विषय संघसूचीत पंधराव्या क्रमांकावर नोंदवून संसदेच्या कक्षेत आणला. १९३९ मध्ये आपली तक्रार होती की, आम्हांस कोणी विचारले नाही. आता विचारणारे आणि उत्तर देणारे आपणच आहोत. म्हणूनच सतरा सप्टेंबरचे स्मरण करताना विजयाबरोबर त्याचा हिशेबही मांडणे, हे या स्वराज्यातील नागरिकाचे कर्तव्य होय.