मारिओच्या रेखाटनाची पूर्वपीठिका

कानाझावा येथे औद्योगिक अभिकल्पाचे शिक्षण घेऊन १९७७ साली क्योतोच्या निन्टेंडो कंपनीत रुजू झालेल्या शिगेरू मियामोतो यांनी १९८१ च्या ‘डाँकी काँग’ या खेळासाठी जो नायक रेखाटला आणि जो पुढे मारिओ या नावाने विख्यात झाला, त्याच्या रूपावर तत्कालीन यंत्राच्या मर्यादांचाच अंमल होता. पडद्यावरील मोजक्या चौकटींच्या जाळीत केस रेखाटणे दुष्कर, म्हणून टोपी. मुख दाखवणे अशक्य, म्हणून ठळक नाक व मिशी. आणि धावताना हातांची हालचाल स्पष्ट दिसावी, म्हणून सदऱ्याहून भिन्न रंगाची डंगरी. आज वर्तुळ, नाक, मिशी, टोपी अशा क्रमाने मारिओ रेखाटायला शिकवणाऱ्या शिक्षकाने प्रत्येक रेषेमागील हे कारणही सांगावे. कारण हेतू उमगल्यावरच विद्यार्थ्याला नवे पात्र निर्मिण्याची पात्रता लाभते.