रसद तोडण्याची विद्या

गड सर करण्याचे मार्ग दोन: सुलतानढवा करावा, किंवा वेढा घालून रसद तोडावी. कर्करोगाशीं चाललेल्या झगड्यांत शस्त्रक्रिया, किरणोपचार व जहाल औषधें हा पहिला मार्ग होय. दुसरा मार्ग वैद्यकांत रुजविणारे अमेरिकन शस्त्रवैद्य डॉ. जूडा फोकमन यांची कथा आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों. कारण नव्या शोधाविषयीं आशा किती धरावी आणि धीर किती धरावा, हें तीवरून कळतें.

इ. स. १९६० च्या सुमारास बेथेस्डा येथील नौदलाच्या प्रयोगशाळेंत फोकमन व त्यांचे सहकारी फ्रेडरिक बेकर यांनीं सशाची कंठग्रंथी देहाबाहेर जिवंत ठेवून तींत अर्बुदाच्या पेशी सोडल्या. गांठी एकदोन मिलिमीटर वाढून थांबल्या. त्याच गांठी उंदरांच्या देहांत घालतांच भराभर वाढल्या. तेथें त्यांस नव्या रक्तवाहिन्या फुटल्या होत्या. यावरून १९७१ सालीं फोकमन यांनीं प्रतिपादन केलें कीं, अर्बुद स्वतःच्या पोषणासाठीं नव्या वाहिन्या ओढून घेतें. त्या रोखल्यास त्याची वाढ खुंटेल. पुष्कळ विद्वानांस हें पटलें नाहीं.

१९९७ सालीं बोस्टन येथील त्यांच्या प्रयोगशाळेनें अशा वाहिन्यांस आवर घालणारें एंडोस्टॅटिन नांवाचें प्रथिन जाहीर केलें. १९९८ च्या मे महिन्यांत न्यूयॉर्क टाइम्सनें उंदरांवरील यशाची वार्ता पहिल्या पानावर छापली, आणि हताश रोगी तें औषध मागूं लागले. परंतु तें विपुल बनविणें कठीण, आणि देहांत तर तें सतत हवें. तेव्हां प्रथिनाऐवजीं तें घडविणारें जनुकच देहांत घालावें, ही युक्ति निघाली. १९९९ सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत तें जनुक उंदरांच्या स्नायूंत टोंचलें असतां देहानेंच प्रथिन निर्माण केलें व अन्यत्र असलेल्या अर्बुदाची वाढ मंदावली.

मनुष्यांत मात्र एंडोस्टॅटिनचा तो चमत्कार दिसला नाहीं. २००४ सालीं अमेरिकेनें याच तत्त्वावरील बेव्हासिझुमॅब या निराळ्या औषधास मान्यता दिली. इतर औषधांच्या जोडीनें त्यानें मोठ्या आंतड्याच्या पसरलेल्या कर्करोगांत आयुष्य सुमारें पांच महिन्यांनीं लांबविलें. समूळ नाश केला नाहीं, कारण अर्बुद रसदीच्या दुसऱ्या वाटा शोधतें.

फोकमन २००८ सालीं निवर्तले. ठळक मथळा वाचून रोग्याच्या घरच्यांस भरंवसा देणाऱ्यांनीं उंदीर व मनुष्य यांतील अंतर विसरूं नये. आणि रोग्यास लाभलेले पांच महिने क्षुल्लक मानणाऱ्यांनीं त्यांमागील चार दशकांची चिकाटी विसरूं नये, असें आम्हांस वाटतें.